लंडनमार्गे टोरांटो

साथीत विमानं बंद पडली त्या वर्षी फुंग-लिनला साऱ्या जगाचाच वीट आला होता. हाँगकाँगच्या विमानतळामागच्या मोठ्या स्वयंपाकघरात ती प्रवाशांच्या जेवणाचे ट्रे भरायची. आता ट्रे थोडे आणि सुट्टी लांब. मास्कमध्ये कोंडलेल्या स्वतःच्याच श्वासाची तिला किळस यायची. त्याहून किळस यायची मुकादम मोक यांच्या भविष्यवाणीची. कुठला लांबचा मार्ग आधी सुरू होणार, हे ते रोज जेवताना सांगत.

"आधी लंडन. सप्टेंबरात कॉलेजं उघडतात. पैसेवाल्यांची पोरं घरी थांबतील होय? मग सिडनी."

"आणि टोरांटो?"

"टोरांटोला जातं कोण, लिन-जे? आज्या! आज्यांवर कंपनी चालत नाही."

सगळे हसले. वयाने मोठी म्हणून तिला 'जे', म्हणजे ताई म्हणत, पण थट्टेत तो मान कुठल्या कुठे जाई.

टोरांटोत तिची एकुलती एक लेक होती, वाय-यी. सप्टेंबरात बाळंत होणार होती. बाळंतिणीचा पहिला महिना आईनेच करायचा असतो. अंगाला वारा लागू द्यायचा नाही, गार पाण्यात हात घालू द्यायचा नाही. फुंग-लिनच्या वेळी तिची आई येऊ शकली नव्हती. चौथ्या दिवशी ती धुणं धुवायला बसली होती आणि हवा दमट झाली की तिची मनगटं अजून ठणकत. लेकीच्या वाट्याला हे येऊ नये, एवढंच तिला हवं होतं.

जुलैत कुणीतरी म्हणालं, टोरांटो ऑगस्टमध्ये सुरू होतंय. फुंग-लिनने त्याच संध्याकाळी बाळंतिणीच्या खुराकासाठी काळं गोड व्हिनेगर आणि जून आलं चुलीवर चढवलं. ते आधीपासून मुरवतातच. पण डुकराचे पाय त्यात पडतात ते बाळ जन्मल्यावर, जन्माची वर्दी म्हणून. आनंदाच्या भरात तिने तेही टाकले. वास मजलाभर गेला आणि शेजारच्या औ आजी दारात हजर.

"अभिनंदन गं! मुलगा की मुलगी?"

"अजून काहीच नाही, आजी."

"काहीच नाही? मग पाय कसले शिजवतेस? पोटातल्या बाळाची वर्दी देतेस सगळ्या इमारतीला? अक्कल कुठे गेली तुझी?"

ती बातमीही खोटीच निघाली. फुंग-लिनने भांडं मोरीत उलटं केलं. कितीतरी दिवस तिला स्वतःच्या हातांचा वास सहन होईना.

मग एके सकाळी मोक टाळ्या वाजवत आले. "सुरू झालं! चला, ट्रे लावा."

"कुठलं?"

"कुठलंच नाही. वर जायचं, ढगांतून चक्कर मारायची आणि इथेच उतरायचं. तिकिटं संपलीसुद्धा! लोकांना विमानात बसल्याशिवाय करमत नाही."

"म्हणजे ज्यांना कुठेच जायचं नाही, त्यांना विमान आहे?"

"माझ्यावर काय डाफरता? मी उडवतोय का?"

"शी!" ती म्हणाली. त्यातला एकेक ट्रे तिने मेलेला उंदीर उचलावा तसा उचलला.

सप्टेंबर लागला आणि मोक यांचं खरं ठरलं. लंडन सुरू झालं. "बघा, म्हटलं नव्हतं? टोरांटो आता हिवाळ्यात. तिकडेच एखादी बाई ठेवा महिनाभर."

"बाई मिळेल. आई मिळते का कुठे भाड्याने?"

फुंग-लिनने हातमोजे काढले. "लंडनहून टोरांटोला विमान जातं का?"

"जाईल की. पण जगाला उलटा वळसा घालून कोण जातं?"

"आज्यांचा मार्ग तुम्ही बंद ठेवलात. मग पोरांच्या मार्गाने जाते."

मोक यांनी पुटपुटत फोन काढून स्वतःच पुढचं विमान शोधलं आणि तिच्या रजेवर सहीही केली.

विमानात सगळी पोरंच. कुणी रेनकोटात, कुणी पोहण्याच्या चष्म्यात. शेजारच्याने आपली खुर्ची पुसून झाल्यावर तिचा हातही पुसायला घेतला, तेव्हा तिने तो झटकला. "मी काय टेबल आहे?"

लंडनला उतरली तेव्हा जावयाचा निरोप आला होता. मुलगी झाली. दोघी सुखरूप.

टोरांटोच्या तपासणीला एक तरुण अधिकारी होती. मोडक्यातोडक्या कँटोनीजमध्ये तिने आजी म्हणून हाक मारत बजावलं, "पो-पो, लेकीच्या घरी गेलात की चौदा दिवस उंबरा ओलांडायचा नाही. बाहेरच्या कुणाला घरात घ्यायचं नाही. नियम कडक आहे, जमेल ना?"

फुंग-लिनने तिला आपादमस्तक न्याहाळलं.

"चौदाच?" ती म्हणाली. "एवढ्यात काय होतंय! बाळंतीण आहे घरात. महिना होईपर्यंत मी तुलासुद्धा दार उघडायची नाही."