आत्याचं नाणं

कारखान्यात सगळे तिला आत्या म्हणत. मालकाच्या मुलाची आत्या, म्हणून सगळ्यांचीच. संग्रहालयांच्या दुकानांसाठी तिथे जुन्या रोमन नाण्यांच्या नकला होत. पोलादी ठशात चेहरा उलटा कोरायचा, मग प्रेसखाली नाण्यावर तो सुलटा उठतो. हे उलटं कोरणं त्या छपराखाली एकट्या आत्याला जमायचं. दादाला, म्हणजे मालकाला, साधी सरळ रेघ मारताना घाम फुटे. बाहेरच्या पाटीवर नाव मात्र त्याचं.

एकदा मोठं काम आलं. रोमन राजघराण्यातल्या बायकांची नाणी: सम्राटाची आई, बायको, बहीण, मुलगी.

"हा संच वेळेत निघू दे," दादा म्हणाला, "पाटीवर तुझंही नाव लावतो. बाबांचीही तीच इच्छा होती."

बाबांची इच्छा त्याला अडल्यावेळीच आठवायची. तरी आत्या भुलली. डोळ्याला भिंग लावून बसली. मूळ नाण्यांवरची नाकं झिजून सपाट झालेली. ती तिने अंदाजाने उभी केली. वेणीचा पेड न् पेड कोरला. मान धरली, बोटं आखडली, पण संच वेळेत गेला आणि गाजलाही.

मग पाटी बदलली. दादाच्या नावाखाली त्याच्या मुलाचं नाव आलं. हे चिरंजीव प्रेसजवळ फिरकलेच, तर आधी हात धुवायला पळत.

आत्याने जाब विचारला. दादा हसला. "पाटीचं काय घेऊन बसलीस? वर्धापनदिनाला तुझंच नाणं काढतोय. सगळ्यांना वाटू."

वहिनीने मजकूरही ठरवून टाकला होता: 'मालकांची भगिनी'.

"आणि माझं नाव?"

"गोलात मावत नाही गं," वहिनी म्हणाली.

कोरायचं अर्थात आत्यानेच. नाण्याला बाजूने घेतलेला चेहरा लागतो. तिने घरातले सगळे अल्बम उपसले. कुठे तिचा खांदा होता, कुठे कोपर, एका लग्नात नुसती पाठ.

"कशाला एवढा खटाटोप?" दादा म्हणाला. "सम्राटाच्या बहिणीचा चेहरा तयार आहे ना? तोच उतरव, अक्षरं बदल. कोण बघतंय?"

आत्याला असा संताप आला की तिने कोरणी टेबलावर आपटली. नोकरी सोडावी म्हटलं, तर राहायची खोलीही कारखान्याच्याच वर. शेवटी तिने दात-ओठ खाऊन तो चेहरा जसाच्या तसा उतरवला, धारदार नाकासकट. बघू दे चारचौघांना, तिला वाटलं, याचीच शोभा होईल.

समारंभात नाणी वाटली गेली. "डिट्टो आत्या," भाचा म्हणाला. कामगारांनी माना डोलावल्या. दादाने नाण्यावरून अंगठा फिरवला आणि त्याचे डोळे भरून आले.

"थेट आमच्या बाबांचं नाक," तो पाहुण्यांना सांगू लागला.

आत्या शेजारीच उभी होती, आईवर गेलेलं आपलं नकटं नाक घेऊन. नाणं तिच्या चेहऱ्याशी ताडून पाहावं, असं एकालाही वाटलं नाही.