अकरा मतांचा रस्ता

आमच्या गावात ख्रिस्ती घरं तीन आणि मतं अकरा. गाव शिरूर तालुक्यातलं, दोन गटांत उभं चिरलेलं. वरची आळी जुन्या बागायतदारांची, खालची आळी पूर्वी मेंढरं राखणाऱ्या आणि आता ऊस लावणाऱ्यांची. सोसायटी दोन, दूध डेअऱ्या दोन, जत्रेतल्या पंगतीसुद्धा दोन. आम्ही कुणाच्याच पंगतीतले नाही. एरवी पाच वर्षं आम्हाला कुणी ओळख देत नसे, आणि निवडणूक लागली की आमच्या ओट्यावर चपला काढायला जागा उरत नसे.

वडील याला मान समजायचे. दौंडला रेल्वेत फिटर म्हणून सगळी नोकरी काढून ते गावी परतले होते. आपण मधले आहोत, दोन्हीकडचं ऐकून घेऊ शकतो, देवानं आपल्याला त्यासाठीच इथं ठेवलंय, असं ते रविवारी प्रार्थना झाल्यावर सांगायचे आणि दोन्ही चुलते माना डोलवायचे. मी त्यांची मुलगी, मला चीड यायची. दोन बैल झुंजत असताना मधे उभं राहण्यात कसला आलाय मान?

त्यांचं मागणं एकच होतं. ओढ्यापलीकडे आमची दफनभूमी आहे, जेमतेम दहा गुंठे. आजी-आजोबा तिथंच आहेत. तिकडे जाणारी वाट गायरानाच्या कडेनं होती, पण दोन्ही आळ्यांनी नांगर आत घालून घालून ती बांधाएवढी करून टाकली होती. आजीला नेताना खांदेकरी चिखलात रुतून बसले होते, ते वडिलांच्या मनातून कधी गेलं नाही. वेळ आली की आई आणि ते, दोघांनाही सरळ चालत नेता येईल एवढा रस्ता त्यांना पंचायतीकडून हवा होता. दोन्ही गटांनी तो कबूल केला. कबूल करायला काय जातं?

गावात मत पक्कं करायची रीत आहे. देवळात नेऊन बेलभंडारा उचलायला लावतात. एकदा उचलला की माणूस फिरत नाही. आमच्यासाठी म्हणून वरच्या आळीचे पुढारी घरी आले आणि फळीवरचं बायबल त्यांनी स्वतःच्या हातानं खाली काढलं. वडिलांनी ते त्यांच्याकडून घेतलं, पुसलं, परत ठेवलं.

"आमच्यात शपथ घेत न्हाईत," ते म्हणाले. "माझा शब्द हाय, तेवढा पुरं."

दुसऱ्या दिवशी खालची आळी आली. त्यांनाही तेच उत्तर मिळालं. मग वडिलांनी त्यांच्या मते फार शहाणपणाचा निर्णय घेतला. सहा मतं वर, पाच मतं खाली. कुणावर अन्याय नको. कुणी कुठं द्यायचं, हेही त्यांनीच ठरवून दिलं, आणि आम्ही मुकाट्यानं दिलं.

वरची आळी चार मतांनी निवडून आली. खालचे विचारायला आले तेव्हा गप्प बसावं की नाही? मत गुप्त असतं, एवढं म्हणून हात वर करता आले असते. पण वडिलांनी खरं सांगून टाकलं, सहा आणि पाच. संध्याकाळपर्यंत ते दोन्ही आळ्यांत पोचलं. हरलेले म्हणाले, तुमच्या सहांनी आम्हाला पाडलं. जिंकलेले म्हणाले, तुमच्या पाचांपायी आम्ही पडता पडता वाचलो. सगळ्या गावाचं एकमत झालेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. त्या हंगामात उरलेल्या वाटेवरही ऊस लागला.

आई पुढच्या वर्षी गेली. माणसाच्या डोक्यावर वाढलेल्या उसातून पेटी नेता येईना. सरपंचांना विचारलं, तर ते तळेगावच्या बाजाराला गेल्याचं कळलं. ते घरात होते, त्यांची मोटरसायकल दारात उभी होती. शेवटी टेम्पो केला आणि आईला दौंडच्या दफनभूमीत नेऊन ठेवलं. वडील मागं पेटीला धरून बसले होते.

यंदाच्या निवडणुकीत आमची मतं दहा होती. नाताळला दोन्हीकडून केक आले. वरच्या आळीचे पुढारी ओट्यावर बसले, तेव्हा वडिलांनी तोंड उघडायच्या आत मी फळीवरून बायबल काढलं, त्यावर हात ठेवला आणि दहाही मतांची शपथ घेतली. आधी रस्ता, असंही मी बोलले. मला वडिलांना टेम्पोत न्यायचं नव्हतं. त्यांना त्यांच्या आईबापाशेजारी ठेवायचं होतं, बस्स. वडील खाटेवरून बघत होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

वरची आळी निवडून आली आणि आठ दिवसांत ऊस निघाला, मुरूम पडला, रोलर फिरला. सरपंच स्वतः दाखवायला आले. "आबा, झाला बघा तुमचा रस्ता." वडिलांनी त्यांना हात जोडले.

ते गेल्यावर मी म्हटलं, एकदा चालत जाऊन येऊ. आजीच्या तिथं फुलं ठेवू. ते उठले नाहीत.

"मला दौंडलाच न्या," ते म्हणाले. "तुझी आई तिथं हाय. आन् त्या रस्त्यानं मला नेऊ नका."

मी खूप भांडले. रस्ता तुमच्यासाठीच केला, मी शपथ घेऊन माझं तोंड काळं केलं ते तुमच्यासाठीच, असं सगळं बोलून घेतलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि कूस बदलली.

श्रावणात ते गेले. टेम्पो तोच मिळाला. ओढ्याकडचा तो रस्ता अजून चांगला आहे, दोन्ही आळ्यांच्या उसाच्या ट्रॉल्या तिथूनच जातात.