सहलवाल्या बाई

"आधी उतरू, मग बोलू," असं बाई म्हणायच्या. विमानात बसलेल्यांनाच नाही, जमिनीवर उभ्या असलेल्यांनाही. व्हिसा नाकारला तर काय, तिकडं जेवण आपल्यासारखं मिळेल का, विमानात चक्कर आली तर कुणाला सांगायचं, असं कुणी ऑफिसात येऊन विचारू लागलं की बाई चष्मा काढायच्या, पदराच्या टोकानं सावकाश पुसायच्या आणि हे वाक्य म्हणायच्या. विचारणारा काही न समजता निम्मा शांत व्हायचा. असे लोक तुम्हीही पाहिले असतील. त्यांच्याकडं उत्तर नसतं, पण ते सोबत असले की प्रश्नाची घाई संपते.

बाई वर्ध्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवायच्या. मी त्यांची विद्यार्थिनी. शाळेच्या सहली त्याच काढायच्या आणि एवढ्या नीट काढायच्या की पालकच म्हणू लागले, बाई, आम्हालेही न्या कुठंतरी. यजमान गेल्यावर त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि एका औषधाच्या दुकानावरची खोली भाड्यानं घेऊन सहलींचं ऑफिस थाटलं. शाळेतल्यासारखाच जगाचा मोठा नकाशा भिंतीवर लावला. खाली टेबल, दोन खुर्च्या, पाण्याचा माठ. तिकिटांचं आणि व्हिसाचं काम बघायला मला बोलावलं. गावात त्यांना सगळे 'सहलवाल्या बाई' म्हणू लागले. मी शेवटपर्यंत नुसतं 'बाई'च म्हणत राहिले.

आमच्याकडं येणारी माणसं फार श्रीमंत नव्हती. निवृत्त शिक्षक, बँकेतले कारकून, अल्लीपूर-हिंगणघाटकडचे शेतकरी. बहुतेकांची पोरं पुण्याला किंवा बंगलोरला. त्यांनीच म्हटलेलं असायचं, आईबाबा, एकदा परदेश बघून या. आणि नातवंडांना हवे असायचे ते पार्क. सिंगापूर असो की आखात, ते प्रचंड पाळणे, पाण्यातून जाणाऱ्या होड्या, अंधारातून सुसाट पळणाऱ्या गाड्या. नावाला नातवंडांसाठी, पण मजा मोठेच करायचे. अल्लीपूरचे एक काका असेच उलट्यापालट्या होणाऱ्या गाडीत बसून खाली आले, वाकून जमिनीला हात लावून पाहिला आणि बाईंना हळूच विचारलं, अजून एक डाव बसू देतील काय?

पहिली काही वर्षं अशी चांगली गेली. मग बातम्या सुरू झाल्या.

बातम्या पूर्वीही असायच्या, पण त्या दुसऱ्यांच्या असायच्या. आता तिकीट काढलेल्या माणसाच्या फोनवर त्या दिवसभर येऊन पडायच्या. कुठं विमानतळावर गोळीबार, कुठं सीमेवर तणाव, कुठं आकाशच बंद. संध्याकाळच्या बातम्या संपल्या की ऑफिसचा फोन वाजायला लागायचा. हिंगणघाटच्या एका गृहस्थांनी सिंगापूरचं रद्द करायचं म्हटलं, कारण गडबड चालली होती ती पार दुसऱ्या टोकाला, चार देश ओलांडून. बाईंनी त्यांना नकाशापुढं उभं केलं, काठीनं दाखवलं, हे इथं आहे आणि आपण जाणार ते तिथं. गृहस्थांनी दोन्हीकडं नीट पाहिलं आणि म्हणाले, "बोटभर तर आंतर हाय, बाई."  भूगोलाच्या बाईंनी काठी कोपऱ्यात ठेवली ती पुन्हा फारशी उचलली नाही.

लोक मग म्हणायचे, परदेश नको, काश्मीर करू. काश्मीरचं ठरलं की तिकडून बातमी यायची. एकदा तर आम्ही विमानात बसलो होतो आणि कुणीतरी कुठून तरी खोटी धमकी पाठवली. विमान धावपट्टीच्या टोकाला नेऊन उभं केलं, सगळ्यांना खाली उतरवलं, बॅगा रांगेत मांडल्या आणि ज्याची त्यानं ओळखायची असं सांगितलं. आमच्या गटातल्या एका मावशींनी लोणच्याची बरणी फुटल्याचं तिथंच शोधून काढलं आणि उरलेला वेळ त्या धमकीपेक्षा बरणीवरच चर्चा झाली. सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. परत आल्यावर निम्म्या लोकांनी पुढच्या सहलीची नावं काढून घेतली. ज्यांनी ठेवली, त्यांनीही 'बघू' म्हणून ठेवली.

हे सगळं मी त्या आखातातल्या दिवसापर्यंत पोचावं म्हणून सांगते आहे.

त्या गटात नाचणगावची एक आजी होती. मुलगा, सून, नात यांच्याबरोबर आलेली. नातीला पार्क बघायचा होता आणि आजीशिवाय ती जायला तयार नव्हती. नाचणगाव म्हणजे पुलगावला लागून, आणि पुलगावला दारूगोळ्याचा मोठा डेपो, जिथं एकदा स्फोट होऊन माणसं गेली होती. बॉम्ब हा शब्द त्या भागात कुणी गमतीनं वापरत नाही.

पार्कात बाहेरचं खाणं न्यायचं नाही, हे बाईंनी बसमध्ये सगळ्यांना बजावून सांगितलं होतं. आजीनं ते ऐकलं होतं, पण परक्या मुलखात उपाशी राहायचं तिला पटत नव्हतं. तिनं पिशवीत पोळ्या आणि जवसाच्या चटणीचा स्टीलचा डबा घातला. डब्याचं झाकण ढिलं होतं म्हणून घरून निघतानाच तारेनं आवळून बांधलेला. पिशवी आत कशी गेली कुणास ठाऊक. आत गेल्यावर मात्र आजीला वाटलं, कुणी पाहिलं तर बाईंना बोल लागेल. नात पाळण्याच्या रांगेत उभी असताना तिनं इकडं तिकडं पाहिलं आणि पिशवी एका झाडाच्या कुंडीमागं सरकवून ठेवली. मग नातीजवळ जाऊन उभी राहिली.

थोड्या वेळानं भोंगे वाजले. पाळणे जागच्या जागी थांबले. हिरव्या अंगरख्यातली माणसं दोन्ही हातांनी लोकांना दरवाजाकडं ढकलत होती. जगभरातून आलेली लेकरं रडत होती, आईबाप त्यांना उचलून पळत होते. आम्हीही पळालो. बाहेर भर उन्हात उभं राहून बाईंनी आपली माणसं मोजली, पुन्हा मोजली. सगळी होती. मग कुणीतरी म्हणालं की आत एक बेवारस पिशवी सापडली आहे, तिच्यात तारा आहेत. आजीनं ते मुलाकडून समजून घेतलं आणि नातीचा हात सुनेच्या हातात दिला.

कुणी काही विचारायच्या आत कॅमेऱ्यांनी सांगितलंच होतं. दोन अधिकारी गर्दीतून सरळ आजीकडं आले. बाई पुढं झाल्या, मी त्यांच्या मागून गेले. मुलाला अधिकाऱ्यांनी येऊ दिलं नाही.

खोली थंड होती. पडद्यावर चित्र चालू होतं. आजी येते, डावीकडं पाहते, उजवीकडं पाहते, पिशवी लपवते, निघून जाते. ते पुन्हा पुन्हा दाखवत होते. आपल्या चटणीला जपणारी म्हातारी त्या पडद्यावर खरोखरच भयंकर दिसत होती. पार्कात काम करणारा एक आपल्याकडचा माणूस हिंदीत प्रश्न सांगत होता. पिशवी का लपवली? कुणी सांगितलं?  आजी एवढंच म्हणाली, "माह्यापायी येवढे लेकरं उन्हात उभे हायेत."

तेव्हा बाईंनी चष्मा काढला. पुसला नाही. तसाच हातात धरून इंग्रजीत म्हणाल्या की पिशवी तिथं ठेवायला मीच सांगितलं. मी या गटाची प्रमुख आहे. ही माझं ऐकून वागली. जे लिहून घ्यायचं ते माझ्या नावावर लिहा.

मी त्यांच्याकडं पाहत राहिले. नेमकं उलटं सांगितलेलं मी सकाळी बसमध्ये माझ्या कानांनी ऐकलं होतं. शाळेत एकदा खोटं बोलले म्हणून याच बाईंनी मला वर्गाबाहेर उभं केलं होतं.

अधिकाऱ्यानं आजीला सोडलं आणि बाईंना बसवून घेतलं. प्रश्न फिरून फिरून तेच. बोटांचे ठसे घेतले, फोटो काढला. शेवटी तो डबा आणला गेला. अधिकाऱ्यानं स्वतः तार सोडली, झाकण उघडून वास घेतला आणि सलग शिंका दिल्या. दुभाषा माणूस मान खाली घालून हसला. त्या खोलीत तेवढंच हसू झालं. बाईंनी एका कागदावर सही केली आणि आम्ही बाहेर आलो.

 पार्क दिवसभर बंदच राहिला. बसमध्ये काहींचे चेहरे रागावलेले होते, आणि त्यांचंही चूक नव्हतं. एवढ्या लांब येऊन त्यांची पोरं एकाही पाळण्यात बसली नव्हती. कुणीतरी म्हणालं की म्हातारीला पाहून तरी त्या लोकांनी समजून घ्यायला पाहिजे होतं. तेव्हा आजी मागच्या सीटवरून बोलली. "त्याईचं काई चुकलं नाई. आमच्या गावाले ठावं हाय, आवाज झाला का मानूस कसा पयते." 

हॉटेलात मी बाईंना विचारलं, असं का केलंत? त्या पाय चोळत बसल्या होत्या. म्हणाल्या, "तिला घरी जायचं होतं. मलाही जायचं होतं, पण मला इंग्रजी येतं."

आम्ही परत येण्याआधीच 'वर्ध्याचा ग्रुप पकडला' असा निरोप इथल्या फोनांवर फिरून झाला होता. वर्ध्यातल्या नालवाडीत बाईंच्या घरी शेजारी विचारपूस करायला आले ते अर्धे काळजीनं, अर्धे गोष्ट ऐकायला. बाईंनी सगळ्यांना चहा दिला आणि गोष्ट सांगितली नाही. पिशवी कुणाची होती हेसुद्धा नाही. आजीच्या मुलानं पुढं होऊन सांगायचं म्हटलं तर त्याला थांबवलं. म्हणाल्या, तिला अजून गावात राह्यचं आहे.

पुढच्या मोसमात त्या देशाचा व्हिसा सगळ्यांना मिळाला, बाईंना नाही. कारण कुणी लिहिलं नव्हतं. दुसऱ्या एका देशानंही तसंच केलं. तिसऱ्या ठिकाणी जाऊ दिलं, पण विमानतळावर बाजूला घेऊन एवढा वेळ बसवून ठेवलं की सारा गट बाहेर ताटकळत राहिला. त्या कागदामुळं की आणखी कशामुळं, हे आम्हाला कधीच कळलं नाही. बाईंनी चौकशी केली, अर्ज केले, मग सोडून दिलं. त्यानंतर गट घेऊन मी जाऊ लागले. बाई नागपूरच्या विमानतळापर्यंत सोडायला यायच्या. आत जायला तिकीट लागतं, त्यामुळं त्या दाराशी थांबायच्या. प्रत्येकाचा पासपोर्ट बघायच्या, म्हाताऱ्यांना गोळ्या कुठल्या खिशात आहेत ते विचारायच्या. आता कुठला देश कुठं असं कुणी विचारलं तर माझ्याकडं बोट दाखवायच्या.

मग आखातातली विमानं अचानक थांबली आणि आमचा अख्खा उन्हाळा बुडाला. लोकांचं एकच म्हणणं होतं, अन् ते खरंही होतं. जाऊ, पण परत कसं येऊ? बाईंनी कुणालाही आग्रह केला नाही. खोली सोडली, माठ खालच्या दुकानदाराला दिला. नकाशा भिंतीवरून काढताना फाटला. मी आता दुसऱ्या कंपनीत काम करते. बाई त्या हिवाळ्यात गेल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. माणसं पुष्कळ आली होती. त्यातल्या बऱ्याच जणांनी आयुष्यात एकदाच विमान पाहिलं होतं, आणि ते बाईंबरोबर.

मला त्या आठवतात त्या मात्र शेवटच्या गटाला सोडायला आल्या तेव्हाच्या. नेहमीप्रमाणं ताठ उभ्या, हात हलवत होत्या. आम्ही आत गेलो. तपासणीच्या रांगेत एका काकांचा पट्टा काढायचा राहिला म्हणून मला थोडं मागं यावं लागलं आणि काचेतून बाहेरचं दिसलं. आम्ही गेलो असं बाईंना वाटलं होतं. सामानाच्या एका रिकाम्या गाडीवर त्या बसल्या होत्या. चपला काढून बाजूला ठेवलेल्या, डोळे मिटलेले, डोकं खांबाला टेकलेलं. येणारेजाणारे त्यांना वळसा घालून जात होते. मी काचेवर हात ठेवला. टकटक करावी असं वाटलं. पण मग त्या पुन्हा ताठ उभ्या राहिल्या असत्या, म्हणून केली नाही.