दाराशी चपला नव्हत्या

गेल्या वर्षी उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी माझी आई पालमच्या चर्चमधून उपासना चालू असताना उठून गेली. ती गेल्याचं तीन वाजेपर्यंत कोणालाही कळलं नाही.

त्या दिवशी आमच्याकडे बारा ते तीन उपासना असते. ख्रिस्ताने वधस्तंभावरून उच्चारलेले सात उद्गार एकेक करून सांगितले जातात. घंटा वाजत नाही. झळा येतात म्हणून दार लोटून घेतात. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, सतरंजीवर. एरवी आत कोण आहे आणि कोण निघून गेलं, हे दाराबाहेरच्या चपलांवरून समजतं. उत्तम शुक्रवारी वयस्कर बायका अनवाणी येतात. आई त्यांतलीच.

आईला शुगर आहे. उपास करायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या सकाळी तिने डॉक्टरांचा मान राखायला गोळी घेतली आणि तीनला सुटणाऱ्या उपासाचा मान राखायला काही खाल्लं नाही, पाणीही घेतलं नाही. हे मला भावाने उपासना सुरू झाल्यावर कानात सांगितलं. रिकाम्या पोटी ती गोळी जिवावर बेतू शकते, हे आम्हा दोघा भावांनाही माहीत होतं. मी बायकांकडे पाहिलं. सगळ्यांच्या डोक्यांवर पांढरे पदर होते, माना खाली होत्या. त्यांतली एक आई असेल असं धरलं.

लाइट गेली. पंखे थांबले. पाळकसाहेब पाचव्या उद्गारावर, तहानेवर, बराच वेळ बोलले; ख्रिस्ताला पाणी नव्हे, आंब म्हणजे आंबलेला द्राक्षारस दिला गेला, हे सांगत राहिले.

तीन वाजता लोक उठले. आईच्या जागेवर तिचा चष्मा आणि गीतांचं पुस्तक होतं. भाऊ घराकडे धावला. मी चर्चमागच्या कब्रस्तानाकडे गेलो. वडिलांच्या कबरीला ईस्टरआधी चुना लावायचा राहिला होता, म्हणून आई तिकडे गेली असेल असं वाटलं.

फाटकातून आधी शेळ्या दिसल्या. मग लिंबाखाली आई दिसली, आडवी. तिचं डोकं एका अनोळखी बाईच्या मांडीवर होतं. डोळे मिटलेले, ओठ ओले.

"तुमची माय हाय का ही?" बाई म्हणाली. "तोंडच उघडंना. तीन वाजले का, तीन वाजले का, एकच लावलंय. मी म्हनलं, वाजतेत की. तवर मरायलीस का? गीळ."

उन्हातून आलेल्याला देतात तसं तिने आईला आपल्या शिदोरीतला गूळ आणि बाटलीतलं पाणी दिलं होतं. किती वाजता, ते तिला सांगता आलं नाही. आईने डोळे उघडले आणि कोणाला सांगू नको, असं मला म्हणाली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर त्यांच्या हातात काही राहिलं नसतं.

ईस्टरची पहाटेची प्रार्थना कब्रस्तानात होते. तिथे साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढे सांगायला, आई स्वतःच उभी राहिली. तहानेचा तो उद्गार लहानपणापासून दरवर्षी ऐकला, पण कधी आत शिरला नव्हता, असं तिने सांगितलं. मग म्हणाली, "त्याला आंब मिळाली. मला गूळपाणी मिळालं." आणि खाली बसली.

यंदा उत्तम शुक्रवारी आईने सकाळी भाकरी खाल्ली, मग गोळी घेतली. उपासना सुरू झाली तेव्हा चर्चच्या दाराबाहेर, बायकांच्या बाजूला, तिच्या चपला होत्या.