बैलजोडीमागचं दार

पिंपळे गुरवच्या आमच्या फ्लॅटमधली मागची बाथरूम ही माझी डार्करूम आहे. तिथल्या बाटल्या बघून नाक मुरडणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. बायकोशी घालून पाहिला, हरलो. स्टुडिओ बंद करून सहा वर्षं झाली तरी फोटो धुवायचं सामान मी भंगारात दिलेलं नाही. पण आता माझ्याकडं कुणी येतही नाही. मोशीची एक ताई जुना फोटो उजळून घ्यायला आली, तेव्हा मी तिला पाणीसुद्धा न विचारता म्हणालो की मोबाइलवर करून घ्या की, सगळं जग तेच करतंय.

करून बघितलं म्हणाली, आणि तिनं मोबाइल माझ्यापुढं धरला.

फोटो माझाच होता. पस्तीसेक वर्षांपूर्वी तिच्या वडिलांची बैलजोडी शर्यतीत पहिली आली, तेव्हा मोटारसायकलवरून मोशीला जाऊन काढलेला. मधे फेटा बांधलेले वडील, दोन्ही बाजूंना गुलालानं माखलेले बैल, पुढ्यात फ्रॉक घातलेली सात-आठ वर्षांची ही ताई. मागं घराचं दार, काळंकुट्ट. त्या काळ्या दारातून मोबाइलनं एक बाई बाहेर काढली होती. गोरीपान, नाकात नथ, गळ्यात मोती, ओठांवर गोड हसू. ताईच्या मुलानं कुठल्याशा ॲपला सांगितलं होतं म्हणे, की दारात उजेड कर, आजी दिसू दे.

"ही बया कोण, मला ठाव न्हाई," ताई म्हणाली. "माझी आई अशी नव्हती."

मग तिनं सगळं सांगितलं. त्या फोटोनंतर दोन वर्षांनी आई गेली. तिचा एकही फोटो नाही. घराच्या जागेवर आता टॉवर उभा आहे, त्यात यांना फ्लॅट मिळालाय आणि रविवारी वास्तुशांत आहे. भिंतीवर वडील बैलांसकट आहेत, आई कुठंच नाही. पण त्या दिवशी आई दारात उभी होती, हे तिला पक्कं आठवत होतं. कसं काय, असं मी विचारलं.

"तुमीच तिला म्हणाला व्हता ना, मावशी, बाजूला व्हा, फोटोत येताय."

मला काही आठवेना. आठवणार तरी कसं? असं मी किती बायांना म्हणालो असेन, देव जाणे. मालक, मुलं, बैल, गाडी हे फोटोत हवं. कणकेच्या हातानं दारात आलेली बाई नको. बरं, तेवढ्यानं माझं भागलं नव्हतं. बैल उठून दिसावेत म्हणून छापताना मी ते दार मुद्दाम जास्त काळं केलं होतं. तेव्हा माझं कौतुक झालं होतं त्या दाराबद्दल. आता मान वर करून ताईकडं बघवेना.

माझ्या निगेटिव्ह बिस्किटांच्या डब्यांत असतात, गावागावाप्रमाणे. मोशीचा डबा दोन दिवस उपसला तेव्हा ती सापडली. खिडकीशी धरून भिंगातून पाहिली. दारात नखाएवढं काहीतरी होतं. ताईची आई बाजूला झाली होती, पण उंबऱ्याच्या आत एकच पाऊल.

मी ताईला फोन केला. ती म्हणाली, मी येते, माझ्यासमोर करा. आता कुठल्या यंत्रानं दिलेली आई नको. आमच्याकडं दिवसाआड पाणी येतं आणि या कामाला पाणी भरपूर लागतं, म्हणून तिला शनिवारी सकाळी बोलावलं. फोटोच्या कागदाचे माझ्याकडं तीनच तुकडे उरले होते, तेही मुदत उलटून गेलेले.

फोटो छापला. चेहरा इतका लहान की दार नुसतं उजळ छापूनही तो अंधारातच राहिला. मग काढलं रिड्यूसर. लाल खडे पाण्यात विरघळवायचे, त्यात फोटो पक्का करायचा हायपो घालायचा, पिवळं पाणी तयार होतं. कापसाच्या बोळ्यानं ते ओल्या फोटोवर नेमक्या जागी लावलं की तिथला काळा रंग खाल्ला जातो. हे काम उजेडात चालतं, म्हणून ताई शेजारी स्टुलावर बसून बघत होती. यात एकच मेख आहे. पाण्यानं धुवेपर्यंत ते खातच राहतं, म्हणून हवं त्याच्या जरा आधी थांबावं लागतं. आणि एकदा खाल्लेलं परत येत नाही.

हे मला चाळीस वर्षं माहीत आहे, तरी पहिल्या कागदाला मी हावरटपणा केला. दार उजळलं, पदर दिसला, आणि अजून थोडं म्हणेपर्यंत चेहऱ्याच्या जागी पांढरा ठिपका उरला. दुसरा कागद जुनेपणानं करडाच निघाला, फुकट गेला. बायको चहा घेऊन आली, आमची तोंडं पाहिली आणि कप ठेवून गुपचूप निघून गेली.

तिसऱ्याला मी पाणी अगदी फिकं केलं. आगपेटीच्या काडीला कापूस गुंडाळला. एक टिपका, लगेच नळाखाली, बघायचं. पुन्हा एक टिपका, पुन्हा नळ. अर्धा तास गेला असेल. आधी चौकटीवर टेकलेला हात आला. मग कपाळ, त्यावरचं ठसठशीत कुंकू, सावळा गाल. शेवटी तोंड आलं, पण ओठांखाली एक फिकट डाग दिसत होता. रिड्यूसर उतरलं असणार वेडंवाकडं. त्याच्या भोवतीही एक टिपका देऊन सारखं करून टाकू म्हणून मी काडी टेकवणार, इतक्यात ताईनं माझं मनगट धरलं.

"थांबा. त्यो डाग न्हाई. जीभ हाय."

मी फोटो नळाखाली धरला आणि भिंग घेतलं. नाक आक्रसलेलं, डोळे बारीक केलेले, जीभ चांगली बाहेर काढलेली. बघत होती सरळ कॅमेऱ्याकडं, म्हणजे माझ्याकडं. बाजूला व्हा म्हणणाऱ्या मला, मावशींनी अंधारात उभं राहून वेडावून दाखवलं होतं.

ताई आधी हसली. मग रडली, मग दोन्ही एकदम. म्हणाली, "हीच माझी आई. बापाच्या मागंबी अशीच करायची, आमाला हसू आवरायचं न्हाई." मलाही हसू फुटलं. पस्तीस वर्षं ही बाई माझ्याच बिस्किटांच्या डब्यात बसून मला जीभ दाखवत होती, आणि मी मोठा कलाकार म्हणून फिरत होतो.

फोटो पुन्हा हायपोत घातला, तासभर धुतला, दोरीवर वाळवला. जायच्या आधी ताईनं मुलाला फोन करून सांगितलं की मोबाइलमधली ती बया पुसून टाक.

रविवारी मोशीला गेलो. आठव्या मजल्यावर, हॉलच्या भिंतीवर जुन्याच्या जागी नवा फोटो होता. जवळ जाऊन बघणारा प्रत्येक जण आधी वडिलांना हात जोडत होता आणि मग दाराकडं बघून खुदकन हसत होता. माझी पाळी आली. मी हात जोडले आणि हळूच म्हणालो, "मावशी, आहात तिथंच उभ्या राहा."