उत्तमकाका आणि हळदीचं पाणी

उत्तमकाका गेले. त्यांचे शेवटचे दोन फोन मी कट केले होते.

हे आधीच लिहून टाकते. नाहीतर पुढचं सगळं खोटं वाटेल.

काल पहाटे झोपेतच गेले म्हणे. मी मिरजगावला मातीला जाऊन आले. अंघोळ केली. बसवेना, उभं राहवेना. तीनदा चहा ठेवला, तीनदा गॅस बंद केला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नगरमध्ये आमचं छोटं कन्सल्टन्सी ऑफिस आहे. गावांच्या सांडपाण्याची डिझाइन्स करतो. मी इंजिनिअर. काका साखर कारखान्यातले रिटायर्ड फिटर, आमचे फील्डवरचे माणूस.

त्यांची पद्धत एकच. बादलीभर पाण्यात हळद कालवायची, गटारीत ओतायची आणि त्या पिवळ्या पाण्याबरोबर चालत सुटायचं. पायजमा गुडघ्यापर्यंत वर.

बाया हसायच्या. "आले बघा हळदीवाले! आज कुनाचं लगीन काढलं?"

"गटारीचं," काका म्हणायचे. "वऱ्हाड कुठं जातंय तेवढं बघतो."

जामखेडकडच्या एका गावाचं काम होतं. गावाचं सगळं सांडपाणी एका मोठ्या शोषखड्ड्यात आणून जमिनीत मुरवायचं. जागा मी ठरवलेली. ड्रोन सर्व्हे, कंटूर, सगळं ओके. उतार ओढ्याकडे.

मीटिंगमध्ये काका म्हणाले, "ही जागा नको. रस्त्याखालनं जुना पाइप असनार. पानी पलीकडं विहिरीकडं जाईल."

त्या विहिरीवर अख्खी वस्ती प्यायचं पाणी भरते.

"काका, ड्रोनमध्ये तसं काही दिसत नाही."

"ड्रोन वरनं बघतो. पाइप खाली हाय."

सगळे हसले. सरपंचसुद्धा. माझं डोकंच फिरलं.

"हळदीवर रिपोर्ट लिहीत नाहीत, काका."

काय गरज होती मला?

एरवी मला ‘पोरी’ म्हणायचे. त्या दिवशी म्हणाले, "बरं, मॅडम." हळदीची पुडी माझ्या टेबलावर ठेवली आणि गेले.

तीन आठवडे अबोला. मधे ते दोन फोन. बिझी आहे असं मीच मला सांगितलं. बिझी कसली, फुगून बसले होते.

आणि सोमवारी तिथं जेसीबी लागणार होता.

आज सकाळी ती पुडी उचलली, गाडी काढली आणि थेट गाव गाठलं.

गटारीला लागून सरूबाईंचं घर. त्यांच्याकडं बादली मागितली. त्या माझ्या मागं रस्त्याकडं बघत होत्या.

"काका न्हाई आले?"

काका काल गेले, हे सांगितलं शेवटी. त्या उंबऱ्यातच बसल्या.

"अगं बाई! बाजाराच्या दिवशी तर आल्ते की. एकलेच. ह्याच बादलीनं वतलं पानी. म्हनले, पोरीला दाखवायचंय, पन फोन उचलंना."

मी रडले नाही. रागच आला. माझा आणि त्यांचाही. अहो, तिसरा फोन करायचा की!

हळद कालवली, ओतली, चालत सुटले. खड्ड्यासाठी चुन्यानं आखलेल्या जागेपाशी पाणी झुडपात शिरलं आणि गायब. मी ओढ्याकडं पळाले. ओढा कोरडा. थांबले, परत आले, परत गेले. काही नाही.

मग रस्त्यापलीकडून सरूबाई ओरडल्या, "ताई, हिकडं या! हिकडं!"

विहिरीच्या कडेला दगडांतून पिवळं पाणी झिरपत होतं.

थोडंसंच. चार घरांचं होतं ते. मी तिथं अख्ख्या गावाचं आणून सोडणार होते. पोरं आजारी पडली असती, आणि माझ्या रिपोर्टवर माझीच सही असती.

तिथूनच सरपंचांना फोन केला. "चूक माझी आहे. काम थांबवा. काका बरोबर होते." ते म्हणाले, बरं. मी पुन्हा म्हणाले, काका बरोबर होते. जेसीबीवाल्यालाही सोमवारी येऊ नको म्हणून सांगितलं.

आता नवी जागा शोधायची आहे. तो पाइप उकरून बंद करायचा आहे. घरी आलेय, पण हात धुवायचे राहिलेत. नखं पिवळी आहेत अजून.

काका, पाणी विहिरीकडंच गेलं.

पोरीनं चालत जाऊन बघितलं.

माफ करा. सुखानं जा.