ढवळीचा आठवा महिना

“सशासाठी? अक्का, एका सशासाठी तू येत नही म्हणते?”

“ससा नही, सशीण. आन् पोटुशी हाये ती.”

“मग काय तिचं डोहाळजेवण करू? जामनेरात वाजंत्री लावू?”

“लाव ना. पण चार दिवसांनी लाव.”

“चार दिवस मी काय इथं तिचे पाय चेपत बसू? दोनची मोटार हाये माझी. चाल, ऊठ. भांडी बांध.”

ताईबाई उठली नाही. चुलीपाशी चहाचा रिकामा लाकडी खोका आडवा ठेवला होता, त्याच्या तोंडावर तिनं गोणपाट सोडलं होतं. ते तिनं सारखं केलं आणि पुन्हा तिथंच बसली.

जीवराम तिचा धाकटा भाऊ. उखर्डू, म्हणजे ताईबाईचा नवरा, जाऊन दीड वर्ष झालं होतं. तेराव्याला आलेला जीवराम त्यानंतर आज मेहरुणला उगवला होता, तोही एकदम ठरवूनच. खोली सोडायची, सामान मोटारीच्या टपावर टाकायचं, आणि ताईबाईनं उरलेलं आयुष्य जामनेरला भावाच्या घरी काढायचं.

खरं तर ह्याच बोलावण्याची ताईबाईनं दीड वर्ष वाट पाहिली होती. उखर्डू कापसाच्या जिनात, सरकी काढायच्या गिरणीत, कामाला होता. त्याच्या अंगाखांद्यावर, मिश्यांवर रुई बसलेली असायची; तो घरात शिरला की ताईबाई आधी त्याला अंगणात झटकायची. आता झटकायला कोणी नव्हतं. सकाळी ती ओव्हरसियरच्या बिऱ्हाडात धुणंभांडी करायची, दुपारी परत येऊन एक भाकरी थापायची. एका माणसासाठी पीठ किती घ्यायचं, हे तिला अजून जमत नव्हतं. उरलेली अर्धी भाकरी ती तळ्यावर नेऊन माशांना टाकायची. दिवसदिवस तिच्या तोंडून शब्द निघत नसे. एकदा दारावर आलेल्या बांगडीवालीला ‘नको’ म्हणताना आवाज असा घोगरा निघाला, की ती स्वतःच दचकली.

मग ओव्हरसियरची धुळ्याला बदली झाली. त्यांच्या मुलांनी पाळलेली सशांची जोडी बाईसाहेबांनी ताईबाईच्या ओटीत घातली. “नेतेस का गं? रस्त्यात मरतील.” तिसऱ्याच दिवशी नर बोक्यानं उचलला. मागं उरली ढवळी. ताईबाई तिला म्हणाली, “ये बाई. तुझंही कुंकू गेलं, माझंही गेलं. बस अशी जवळ.” आणि त्या दिवसापासून त्या खोलीत पुन्हा बोलणं सुरू झालं. हरभऱ्याचा पाला खुडून देताना, केळीची सालं पुढं टाकताना ताईबाई तिला जगाच्या गोष्टी सांगायची. ढवळी नाक हलवायची. ताईबाईला तेवढा हुंकार पुरायचा.

पोट दिसायला लागलं तेव्हा तिला आठवलं, बाईसाहेब म्हणाल्या होत्या, ससे महिन्याभरात वितात. नर गेला त्या दिवसापासूनचे दिवस मोजून तिनं भिंतीवर कोळशाच्या तेवढ्या रेघा मारल्या, आणि मग रोज एक मारू लागली. आळीवाची खीर करून वाटीत ठेवली. ढवळीनं वाटी उलटी केली. “पहिलटकरीण आहे, वास सोसत नसेल,” ताईबाईनं स्वतःची समजूत घातली.

पण काल मात्र तिच्या हातून चूक झाली होती. सकाळी पाहते तर ढवळीनं आपल्याच छातीचे केस उपटून खोक्यात ढीग केलेला. ताईबाईला वाटलं, खरूज झाली. तिनं सगळे केस केरसुणीनं काढून उकिरड्यावर टाकले, ढवळीला कडुलिंबाचं तेल चोळलं आणि शेजारच्या सुगराबीकडून पिंजलेली रुई आणून खोक्यात मऊ गादी घातली. ढवळीनं ती गादी पायांनी बाहेर लोटून दिली.

सुगराबी पिंजाऱ्याच्या घरची. ती डोकावून म्हणाली, “अगं ताई, क्या किया ये? बिमारी कसली! बाळंतिणीची खोली मांडत होती ती. तू तिचं बिछाना फेकून दिलंस.”

“मले काय ठाऊक माय. आमच्यात बाईचं बाळंतपण आई करते. ती स्वतः अंगावरचं ओरबाडून नही करत.”

“आई नही ना तिला इथं.”

संध्याकाळपर्यंत ढवळीनं उरलेले केस उपटले. छाती लालगुलाबी उघडी पडली. पौषातली थंडी. ताईबाईनं खोका चुलीजवळ ओढला आणि कान धरून तिची माफी मागितली. ढवळी आता खोक्यातून हलत नव्हती.

“बरं, खोक्यासकट घे,” जीवराम आता जरा खालच्या सुरात म्हणाला. “मांडीवर घेऊन बस. मी तिकीट काढतो तिचं.”

“नही हलवता येत. आज सव्वीस रेघा झाल्या. तिचे सव्वातीन दिवस म्हणजे बाईचा एक महिना. आठवा चालू हाये. आठव्यात हलवत नहीत.”

“जनावराले कसला आला आठवा!”

“मग सुगराबीच्या हाती देऊन येऊ? तिच्याकडे दोन मांजरी हायेत.”

जीवरामनं कपाळाला हात लावला. “अक्का, तिकडं सारं घर तुझी वाट पाहतं. माझ्या बेबीले आणली हाये बाळंतपणाले. तुझ्या भावजयीच्यानं एकटीनं व्हत नही. शेक-शेगडी, न्हाऊ-माखू... घरचं माणूस नको?”

“म्हणून आला तू?”

“म्हणून नही. म्हणूनही. तूही एकटीच हाये ना?” तो जरा सावरला, मग बापाच्या कौतुकानं सांगू लागला, “शिरपूरला दिली ना पोरगी, लांबचा पल्ला. पण सातवा लागला न् मी दुसऱ्याच दिवशी तिच्या दारात. सासू म्हणे, चार दिवस राहू द्या. म्हटलं, नही. लेकीले सातव्यातच आणायची असते.”

ताईबाईनं मान वर केली.

“मले तर तू सातव्यात नही आणलं, जीवा.”

चुलीत काटकी तडकली. जीवराम टोपी काढून तिच्यावरची धूळ झटकू लागला.

“एकदाच दिवस गेले व्हते मले. सहाव्यात चिठ्ठी धाडली. सातवाभर बोचकं बांधून दारात बसली. आठव्यात तुझा निरोप आला कापसाच्या गाडीवानाबरोबर, आता हलवत नहीत, राहू दे. नववा लागल्यावर तर मी वाटच सोडली. उखर्डू जिनात, मी इथं एकटी. पोरगी दोन दिवस व्हती. तिचं नावही नही ठेवलं आम्ही.”

“लई जुनी गोष्ट झाली, अक्का.”

“जुनीच. भांडत नही मी. माय-बाप नव्हते, तू वीस वर्षांचा व्हता, समजतं मले. कपाशी वेचणीले आली व्हती? गाडी नव्हती? का माझ्या बाळंतपणाचा खर्च जड वाटला? जे असेल ते सांग. खोटं नको सांगू, एवढंच. मग हा खोका मांडीवर घेऊन मी याच मोटारीत बसते. आठवा न् फाठवा, काही म्हणत नही.” ती थोडी पुढं सरकली. “सातव्यात तू काहून नही आला?”

जीवरामनं टोपी डोक्यावर ठेवली. खुंटीवरची आपली पिशवी काढली. दार ठेंगणं होतं; तो वाकला, बाहेर पडला आणि एकटाच मोटारीच्या रस्त्याला लागला.